लांबच्या रस्त्यांसाठी

"इथे आधी काय होतं गं?"

बाबांनी हे विचारलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. चिंचवडला रिक्षातून जातानाही त्यांचं हेच चालायचं. अमक्या कंपनीच्या गेटापाशी कुणाची ज्वारी होती, तमक्या शेडच्या जागी कुणाची विहीर होती, सगळं तोंडपाठ. त्यातल्याच एका कारखान्यात, बेअरिंग बनवणाऱ्या एसकेएफमध्ये, ते तरुणपणी लागले आणि शेवटची पंधरा वर्षं तपासणी खात्यात काढून निवृत्त झाले. गेल्या सप्टेंबरात आई-बाबा पहिल्यांदा माझ्याकडे स्वीडनला आले. पहिल्याच संध्याकाळी आम्ही फिरायला बाहेर पडलो आणि बाबांनी कारखान्याच्या कुंपणाकडे बघत तोच प्रश्न टाकला.

मी राहते ते तोर्सलांडा. गोथेनबर्ग शहराच्या पश्चिमेला हिसिंगेन नावाचं मोठं बेट आहे, त्याच्या समुद्राकडच्या टोकाला. घराच्या एका अंगाला कापणी झालेलं जवाचं शेत आणि दोन घोडी. दुसऱ्या अंगाला, झाडांच्या पलीकडे, व्होल्वोचा मोटारींचा कारखाना. तिसरीकडे सायकलवर थोडं पुढे गेलं की खडक आणि समुद्र. सात वर्षं झाली मला इथे येऊन. शेत, कारखाना आणि समुद्र एकमेकांच्या इतके जवळ कसे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. बाबांना पहिल्या दिवशी पडला.

आधी काय होतं, तर शेतकरी होते आणि मासे धरणारे होते. बहुतेक घरांत दोन्ही एकच. 1658 पर्यंत हिसिंगेनचा पश्चिमेकडचा भाग नॉर्वेचा होता आणि पूर्वेकडचा स्वीडनचा. एकाच बेटावर दोन राज्यं. त्या वर्षी रोस्किल्डचा तह झाला आणि इथून उत्तरेला आजच्या नॉर्वेच्या सीमेपर्यंतचा सगळा किनारा, म्हणजे बूहुसलेन प्रांत, स्वीडनला मिळाला. पुढची अडीचशेहून जास्त वर्षं तोर्सलांडाच्या शेतांत काही फार बदललं नाही. मग 1923 मध्ये इथे विमानतळ आला, 1964 मध्ये व्होल्वोचा कारखाना उघडला, तेलाचं बंदर झालं. विमानतळ 1977 मध्ये बंद पडला. शेत मात्र उरलं, तुकड्या-तुकड्यानं.

बाबांच्या बेअरिंगचं माहेर याच शहरातलं. ती गोष्ट त्यांना कामगार म्हणून कुणी सांगितली नव्हती, ती मी त्यांना नदीकाठच्या गामलेस्ताडेन भागात उभी राहून सांगितली. स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनिअर तिथल्या कापडगिरणीत कामाला होता. गिरणी उभी होती चिकणमातीवर. इमारत खचायची, यंत्रं फिरवणारे लांबलचक दांडे, म्हणजे शाफ्ट, वाकडे व्हायचे, बेअरिंगं तापून बसायची, माग बंद. मातीला तर कुणी सरळ करू शकत नव्हतं. तेव्हा त्यानं शाफ्ट थोडा तिरका झाला तरी चालेल असं बेअरिंग काढलं. साल 1907. त्याच बेअरिंगवर एसकेएफ उभी राहिली. बाबांनी घरी आल्यावर स्वयंपाकघरातली वाटी घेऊन आईला ते समजावलं. "बाहेरच्या रिंगची आतली बाजू अशी वाटीसारखी गोल. आत गोळ्यांच्या दोन ओळी. शाफ्ट कलला की आतली रिंग गोळ्यांसकट वाटीत कलते. अडकत नाही." वाटीत त्यांनी दोन बोटं कलती फिरवून दाखवली. पुढे याच एसकेएफनं पैसा घालून व्होल्वो काढली. त्या नावाचा लॅटिनमधला अर्थ 'मी फिरतो', आणि ते नाव मुळात एका बेअरिंगसाठीच नोंदवलेलं होतं. 14 एप्रिल 1927 रोजी पहिली गाडी हिसिंगेनवरच्याच कारखान्यातून बाहेर पडली. आपल्याकडे 'व्होल्वो' म्हटलं की शिवनेरी आणि खंडाळ्याचा घाट. आई म्हणाली, "म्हणजे त्या बसचं मूळ गाव हे."

पण बाबांचा प्रश्न अजून तिथेच होता. आधी काय होतं? म्हणून आम्ही तीन दिवसांची गाडी काढली आणि किनाऱ्यानं उत्तरेला निघालो.

आधी तानुमला गेलो. रस्त्यात स्टेनुंगसुंड लागलं. तिथे 1960 च्या आसपास तेलावर चालणारं वीजकेंद्र आलं आणि त्यापाठोपाठ प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारे कारखाने. त्याआधी ते समुद्रस्नानाला येणाऱ्यांचं छोटं, शांत गाव होतं. आता रात्री तिथल्या मनोऱ्यांचे दिवे दुरून दिसतात. त्यापुढचं उद्देवाल्ला हे जहाजबांधणीचं गाव. 1978 मध्ये तिथून जवळपास पाच लाख टनांचं 'नॅनी' नावाचं तेलवाहू जहाज पाण्यात उतरलं आणि 1986 मध्ये गोदी बंद. मग त्या जागी व्होल्वोनं सरकत्या पट्ट्याशिवाय, कामगारांच्या छोट्या गटांनी पूर्ण गाडी जुळवायचा कारखाना काढला. 1989 ला सुरू, 1993 ला बंद. बाबांना याचं फार वाईट वाटलं. सबंध गाडी एका गटानं जुळवायची ही कल्पना त्यांना इतकी आवडली, की पुढचा अर्धा तास ते त्यावरच बोलत होते.

तानुमचा खडक पाहायला जायचा रस्ता शेतातून आहे. गुळगुळीत, राखाडी ग्रॅनाइटचा उतार आणि त्यावर कोरलेली चित्रं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची, कांस्ययुगातली. दिसावीत म्हणून आता त्यांत लाल रंग भरला आहे. 1994 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. चित्रांत सगळ्यांत जास्त काय असेल, तर होड्या. शेकड्यांनी. दोन्ही टोकं वर उचललेल्या, आत उभ्या रेघांनी दाखवलेली माणसं. आणि त्यांच्या शेजारी, नांगर धरलेला माणूस आणि पुढे दोन बैल.

आई बराच वेळ त्या नांगराकडे बघत होती. आईचं माहेर मालवणकडचं. तिच्या घरी भातशेती होती आणि तिच्या मामांची होडी होती, आणि या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढून सांगायची तिला कधी सवयच नाही. "पावसात शेत, पाऊस संपला की दर्या," असं ती म्हणते. त्या खडकावर तिला कुणी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

त्या काळी समुद्र या दरीत आत शिरलेला होता. हिमयुगातलं बर्फाचं ओझं उतरल्यापासून इथली जमीन वर येते आहे, अजूनही. तेव्हा पाण्याजवळ कोरलेल्या होड्या आज शेतांच्या कडेला, किनाऱ्यापासून लांब पडल्या आहेत.

रात्री आम्ही हेरिंग खाल्ले. इथले लोक त्याला 'सिल' म्हणतात. व्हिनेगर, साखर, कांदा घातलेले थंड तुकडे, सोबत उकडलेले बटाटे आणि आंबट साय. आईनं तुकडा उलटा करून पाहिला, काट्याची ठेवण पाहिली आणि निकाल दिला: "ही तर मोठी तारली." ते बरोबरच आहे. हेरिंग आणि तारली एकाच कुळातल्या. दोघींच्या अंगात तेल, दोघी झुंडीनं येतात, आणि यायचं नसेल त्या वर्षी येत नाहीत.

बूहुसलेनचा इतिहास म्हणजे या न येण्याचा इतिहास आहे. सोळाव्या शतकात सिल आली, मार्स्ट्रांड हे बंदर गजबजलं, ती गेली आणि बंदर ओस पडलं. मग 1747 पासून ती पुन्हा किनाऱ्याला आली आणि साठ वर्षं येत राहिली. हिवाळ्याच्या तोंडावर झुंडी खाड्यांत अगदी आतवर शिरायच्या. लोक किनाऱ्यावरून रापण, म्हणजे ओढायचं मोठं जाळं, लावायचे, आपल्याकडे ओढतात तशीच. आतल्या मुलखातून कामासाठी माणसं लोटली. काही सिल मिठात घालून पिपांत भरायची, आणि जी भरून उरायची ती मोठमोठ्या कढयांत उकळून तिचं तेल काढायचं. तेल काढायच्या आणि मासे खारवायच्या शेकडो भट्ट्या-वखारी त्या काळात या खडकांवर उभ्या होत्या. ते तेल जायचं युरोपातल्या शहरांत. दिव्यांसाठी.

मला त्या दिव्यांचं फार अप्रूप वाटतं. परक्या शहरातली एक गल्ली, तिथे संध्याकाळी कुणीतरी दिवा लावतो आहे, आणि त्या दिव्यातलं तेल कुठून आलं हे त्याला माहीतही नाही.

तेल निघाल्यावर कढईच्या तळाशी जो लगदा उरायचा त्याला 'त्रानग्रुम' म्हणत. थोडा शेतात खत म्हणून जायचा, बाकीचा सरळ समुद्रात. वास तर असायचाच, पण मासे धरणाऱ्यांचं म्हणणं होतं की हा लगदा तळाशी साचून सिल पळवून लावेल. भट्टीवाल्यांचं म्हणणं होतं, काही होत नाही. वाद राजदरबारापर्यंत गेला आणि 1784 साली त्याची सगळी कागदपत्रं, चौकशीसकट, छापून प्रसिद्ध झाली. समुद्र घाण होतो की नाही यावर अशी छापील, जाहीर चर्चा, तीही अठराव्या शतकात! मला हे वाचताना वाटलं होतं की आजच्याच एखाद्या जनसुनावणीचं इतिवृत्त वाचते आहे. तीच भीती, तोच रोजगाराचा सवाल, तेच तज्ज्ञ.

आईचा प्रश्न वेगळा होता. "नारळाला नाही घातला तो लगदा?" तिच्या आजोळी तारली जास्त आली की ती माडांच्या बुंध्यात पुरायचे, आणि तारलीचं तेल होड्यांच्या फळ्यांना चोपडायचे. माड इथे कुठले! पण तिचा हिशोब चोख होता.

1809 च्या सुमारास सिल गेली. लगद्यामुळे गेली का? नंतरच्या शास्त्रज्ञांनी कारण समुद्रातच शोधलं. ऑटो पेटरसन यांनी गुलमार फ्योर्ड या खोल खाडीतल्या बोर्नो बेटावर 1902 मध्ये एक संशोधन केंद्र उभारलं, खोल पाण्यातले थर कसे वरखाली होतात ते मोजण्यासाठी, आणि त्यामागे हाच प्रश्न होता: सिल का येते आणि का जाते. आज तिच्या येण्याजाण्याचा संबंध उत्तर अटलांटिकवरच्या वाऱ्यांच्या आणि थंडीच्या लांब पल्ल्याच्या चक्रांशी जोडतात. 1809 मध्ये खडकावर बसलेल्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की रापण रिकामी येते आहे.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण या किनाऱ्याबद्दल वाचताना माणसं एका सुगीवरून दुसऱ्या सुगीवर उडी मारतात. सुग्यांच्या मधल्या वर्षांत लोक जगले कसे? ते जगले गाईवर, बटाट्यांवर, आणि बायकांच्या हातांवर. घरटी एखादी गाय, दोन-चार मेंढ्या, खडकांच्या बेचक्यात साठलेल्या मातीचा एवढासा वावर. सिल गेल्यावर पुरुष शिडाच्या मोठ्या होड्या घेऊन कॉडसारख्या मोठ्या माशांसाठी लांबच्या समुद्रात जायला लागले. महिना-महिना बाहेर. मागे शेत, जनावरं, म्हातारी माणसं, मुलं सगळं बायकांकडे. वर शेकडो गळ लावलेल्या लांबच लांब दोऱ्या, त्यांतल्या प्रत्येक गळाला शिंपल्यातलं मांस लावायचं तेही बायकामुलांनीच. थंडीत शिंपले खडकांवरून खरवडायचे, घरी आणून सुरीनं उघडायचे, गळाला लावायचे, दोरी गुंता न होता टोपलीत रचायची. एक दोरी पुरी झाली की दुसरी. खारं पाणी, शिंपल्याची धार आणि गळाचं टोक, या तिन्ही गोष्टींनी रोज सोलवटणाऱ्या बोटांवर हा किनारा टिकला आहे. पिपं मोजली गेली, तेल मोजलं गेलं, या दोऱ्या कुणी मोजल्या नाहीत.

माझ्या शेजारी एक आजी राहतात. इथे सगळे सगळ्यांना नावानं आणि 'तू' म्हणूनच हाक मारतात, पण माझ्या तोंडी त्यांच्यासाठी आजीच येतं, आणि त्यांनाही आता त्याची सवय झाली आहे. त्यांची आई उत्तरेच्या एका बेटावरची. आजी सांगतात, त्यांच्या आईला म्हातारपणीही मोकळं बसता यायचं नाही. टीव्हीसमोर बसली तरी बोटं हलत राहायची, दोरीवर गळ चढवल्यासारखी.

एकोणिसाव्या शतकात शेतालाही एक सुगी आली. ओटची. पश्चिम स्वीडनमधून, बूहुसलेन धरून, ओट जहाजं भरभरून इंग्लंडला जायला लागला. खाणारे कोण? लंडनचे घोडे. घोड्यांच्या बस, टांगे, मालाच्या गाड्या, सगळ्या शहराचं ओझं ओढणारी ती जनावरं इथल्या शेतांवर पोसली जात होती. आज ओट म्हणजे आपल्या सकाळच्या वाटीतला पदार्थ झाला आहे, पण तेव्हा ते एका महानगराचं इंधन होतं.

आणि त्याच काळात दगड.

1842 मध्ये कार्ल ऑगस्ट कुलग्रेन यानं बूहुस-मालमॉन या बेटावर ग्रॅनाइटची पहिली मोठी खाण सुरू केली. त्रोलहेत्तानच्या कालव्याला दरवाजे-भिंतींसाठी दगड हवा होता. कुलग्रेन वारल्यावर त्याच्या बायकोनं, थिओडोरानं, धंदा चालवला, आणि कंपनीचं नाव झालं 'सी. ए. कुलग्रेन्स एन्का'. एन्का म्हणजे विधवा. पुढे कित्येक दशकं या किनाऱ्यावरचा दगड त्या नावानं जगभर गेला. या नावात नवऱ्याचंच नाव आहे, बाईचं नाही, हे मला खुपतं. तरी तिची सही जिथे-तिथे उमटत राहिली याचं बरंही वाटतं.

दगड जायचा तो मुख्यतः फरसबंदीसाठी. हाताच्या पंज्यात मावतील असे घडीव चौकोनी दगड, लाखोंनी, जर्मनीला, इंग्लंडला, समुद्रापार दक्षिण अमेरिकेपर्यंत. घोड्यांच्या टापांना पकड मिळावी आणि चाकांखाली चिखल होऊ नये म्हणून शहरांचे रस्ते या दगडांनी बांधले जात. म्हणजे ओट खाणारा घोडा आणि त्याच्या पायाखालचा दगड, दोन्ही या किनाऱ्यानं पुरवले. मला हे एका नकाशाकडे बघताना अचानक लक्षात आलं आणि मी बाबांना फोन करून सांगितलं होतं. तेव्हा ते चिंचवडला होते आणि म्हणाले होते, "मला तो दगड बघायचाय."

हुन्नेबोस्ट्रांड या गावात दगडफोड्यांचं संग्रहालय आहे. त्या दिवशी तिथे आम्ही तिघं आणि एक म्हातारे गृहस्थ, जे आपल्या बापाच्या हत्यारांनी दगड फोडून दाखवत होते. त्यांना इंग्रजी बेताचं, बाबांना स्वीडिश शून्य. मला दुभाषेपण करावं लागेल असं वाटलं होतं. पाच मिनिटांनी मी बाजूला होऊन उभी राहिले.

ग्रॅनाइट कुठूनही फुटत नाही. लाकडाला जसा धागा असतो तसा त्यालाही असतो, आणि तो डोळ्यांना जवळपास दिसत नाही. गृहस्थांनी दगडावर पाणी मारलं, तळहात फिरवला आणि खडूनं रेघ ओढली. रेघेवर आधीच पाडलेली छोटी भोकं होती. प्रत्येक भोकात दोन पातळ लोखंडी पट्ट्या आणि मध्ये पाचर. मग हातोडीनं एका टोकापासून प्रत्येक पाचरीला एक-एक ठोका. पुन्हा पहिल्यापासून. घाई नाही. ठोक्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला, आधी ठकठक, मग चढत-चढत घंटेसारखा. गृहस्थ थांबले, बाबांकडे बघितलं आणि हातोडी पुढे केली. बाबांनी घेतली. त्यांनी तीन ठोके मारले आणि कान लावून थांबले. काहीच झालं नाही. आणि मग, हात न लावता, दगडाच्या आतून एक बारीक चरचर आली आणि रेघ उघडली. दोन तुकडे. आतला भाग ताजा, गुलाबी-करडा, अभ्रकाच्या कणांनी चमकणारा. बाबांनी त्यावर हात ठेवला. आई म्हणाली, "गरम आहे का?" ते म्हणाले, "नाही. थंडगार."

गृहस्थांनी मग बोटांच्या खुणांनी सांगितलं: मजुरी नगावर. जितके दगड तितके पैसे. आणि छातीवर हात ठेवून खोकून दाखवलं. दगडाची धूळ फुप्फुसात बसायची. त्यांचे वडील त्यानंच गेले.

गाव सोडताना डोंगराच्या अंगावर सगळीकडे टाकाऊ तुकड्यांचे ढीग दिसतात. समुद्रापर्यंत उतरलेले, शेवाळलेले. एक दगड मनासारखा निघेपर्यंत किती वाया जात होते, ते त्या ढिगांवरून कळतं. या खाणींत एकेकाळी हजारो लोक होते. त्यांनी कामगार संघटना बांधल्या, संप केले, वाचनालयं आणि सभागृहं उभारली. घरामागे मात्र बटाट्याचा वाफा आणि एक डुक्कर सुटलं नाही. आई विचारत होती, मी भाषांतर करत होते, आणि उत्तर ऐकून ती मान हलवत होती.

मग मोटार आली. सुगी कशी संपते हे मला सिलपेक्षा इथे जास्त स्वच्छ दिसतं. घोडे गेले तसा लंडनला ओट नको झाला. रबरी चाकं आणि डांबर आलं तसा दगड नको झाला. तेलाचे दिवे तर त्याआधीच गेले होते. 1930 च्या मंदीत खाणी ओळीनं बंद पडल्या. आणि त्याच किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, हिसिंगेनवर, 1927 पासून मोटारी बनत होत्या. खाणीतल्या माणसांची पुढची पिढी कामासाठी दक्षिणेला आली असेल तर त्यात नवल नाही. बाबा म्हणाले, "आम्ही सगळे असेच आलो की चिंचवडला." सातारा, कोकण, मराठवाडा. ज्याचं शेत पुरेना तो.

कुंग्सहाम्नला डबाबंद माशांचा कारखाना आहे. आब्बा हा त्यांचा ब्रँड, 'आक्तिएबोलागेट ब्रोदर्ना आमेल्न', म्हणजे आमेल्न बंधूंची कंपनी, या मूळच्या नॉर्वेजियन व्यापारी घराच्या आद्याक्षरांवरून. त्या प्रसिद्ध गायकांच्या चमूला हे नाव घेताना कारखानदारांची परवानगी घ्यावी लागली होती. निळ्या-पिवळ्या ट्यूबमधला 'कालेस काव्हियार', म्हणजे कॉडच्या गाबोळीची खारट-गोड पेस्ट, 1954 पासून घराघरांत पोचली आहे. मला ती आवडायला चार वर्षं लागली. कारखान्यांत मासे साफ करणं, डब्यांत रचणं हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनीच केलं. गळाला मांस लावणाऱ्यांच्याच मुली आणि नाती त्या.

दुकानात आई अन्शोव्हिसच्या डब्यामागचा मजकूर मला वाचायला लावत होती. मासा, मीठ, साखर, दालचिनी, आणि पुढे 'सांडेलत्रे'. मी सहज वाचून गेले. "काय म्हणालीस?" चंदन. रंगासाठी रक्तचंदन. ते झाड रानात वाढतं ते आंध्रातल्या डोंगरांवर. बूहुसलेनच्या खाडीतला बोटभर मासा आणि आंध्रातलं रक्तचंदन, एका डब्यात. आईनं तीन डबे घेतले. एक माझ्यासाठी, एक मालवणच्या मामीला दाखवायला आणि एक घरातल्या देवघराजवळ ठेवायला. "चंदन आहे त्यात," ती म्हणाली. बाबांनी मासा देवाजवळ ठेवण्याबद्दल काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.

शेवटच्या दिवशी आम्ही ल्यूसेशीलच्या बाजूला होतो. तिथे ब्रोफ्योर्डच्या काठावर 1975 पासून स्वीडनमधला सगळ्यांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. खाडी खोल आहे, प्रचंड जहाजं आत येतात. काही वर्षांपूर्वी तो आणखी वाढवायचा बेत होता. देशभर विरोध झाला, ल्यूसेशीलच्या लोकांना रोजगाराची चिंता होती, आणि सप्टेंबर 2020 मध्ये कंपनीनं त्यासाठीचा परवानगीचा अर्ज मागे घेतला. मी तेव्हा गोथेनबर्गमध्ये विरोध करणाऱ्यांच्या बाजूनं होते, आजही आहे. पण त्या काठावर उभं राहिल्यावर मला तिथल्या माणसांची धास्ती पहिल्यांदा पोटातून कळली. त्यांच्या पूर्वजांनी सिल जाताना पाहिली, आज्यांनी दगड जाताना पाहिला. तेलही एक दिवस जाणार हे त्यांना माझ्याहून चांगलं कळतं. त्यांचा प्रश्न एवढाच असतो की मग काय येणार, आणि ते येईपर्यंत घरात काय शिजणार.

परतीच्या वाटेवर आम्ही रानात शिरलो. शेजारच्या आजींनी एक जागा सांगितली होती. पाऊलवाट, बर्चची झाडं, आणि मग झाडांत रचून ठेवलेले मोठमोठे घडीव दगड. 1930 च्या दशकाच्या शेवटी नाझी जर्मनीनं बूहुसलेनच्या ग्रॅनाइटची प्रचंड मागणी नोंदवली होती. हिटलरला बर्लिनची नवी, अजस्र राजधानी बांधायची होती. खाणी बंद पडल्या होत्या, हातांना काम नव्हतं, आणि ही मागणी आली. लोकांनी दगड घडवले. काही गेले. युद्ध संपलं तेव्हा काही इथेच राहिले, आणि अजून आहेत.

मला तिथे कसंसंच झालं. ती राजधानी उभी राहिली नाही हे किती बरं झालं, आणि तरी समोरचा प्रत्येक दगड कुणीतरी नगावर, खोकत, मुलांना घालायला म्हणून घडवलेला. हे दोन्ही एकदम मनात कुठे ठेवायचं मला कळेना. मी बाबांना दगड कुणासाठी होते ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत.

मग ते एका दगडाजवळ गेले. वरची पानं झाडली. खिशातून चष्मा काढला. अंगठा कडेवरून सावकाश फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला, कोपऱ्यावर थांबले, दुसरी बाजू धरली, पुन्हा अंगठा. घरी कपाटाचा दरवाजा, स्टीलचा डबा, माझ्या मुलाचं खेळणं, सगळ्यावरून त्यांचा अंगठा असाच फिरतो. आई लिंगनबेरी वेचायची थांबून त्यांच्याकडे बघत उभी होती.

"काटकोन पक्का आहे," ते म्हणाले. "कारागिराचा माल पास."

त्यांनी झाडलेली पानं मात्र पुन्हा दगडावर ओढून ठेवली, आणि आम्ही फेरी गाठायला निघालो.